तुटक्या मूर्ती काय सांगतात? सिराकूझाच्या संग्रहालयातील एक दिवस





गेल्या डिसेंबरात आम्ही आठवीच्या मुलांना इंदूरचे केंद्रीय संग्रहालय दाखवायला नेले होते. हिंगलाजगढहून आणलेल्या परमारकालीन मूर्तींचा फार मोठा संग्रह तिथे आहे. पण पंचवीस मिनिटांत सगळी मुले बाहेर बगिच्यात डबे उघडून बसली होती. एका मुलीने मला विचारले, "मॅडम, इथे सगळे तुटलेलेच का ठेवले आहे?" मी तिला म्हटले, "चल, रांगेत ये." खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही. पुढे पालक सभेत एका पालकांनी सरळच विचारले, की परीक्षेत न येणाऱ्या गोष्टीवर शाळेचा एक दिवस आणि बसचे भाडे का खर्च करावे? तेव्हाही मी काहीतरी गोल गोल बोलून वेळ निभावली.

त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला या उन्हाळ्याच्या सुट्टीत, फार दूर, सिसिली बेटावर मिळाले. म्हणून हा लेखप्रपंच. माझे सारे शिक्षण हिंदीतून झाले. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, अशी आपल्यापैकी पुष्कळांसारखीच माझी गत. तेव्हा लिहिताना कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

इटलीत ग्रीक संग्रहालय कसे?

माझा मुलगा नोकरीनिमित्त इटलीत असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने आम्हा दोघांना सिसिलीला नेले. नकाशात इटली देश गुडघ्यापर्यंतच्या बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टोकाशी जे तिकोनी बेट आहे, ते सिसिली. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सिराकूझा नावाचे शहर आहे. आपल्या पुस्तकांत त्याला सिराक्यूज म्हणतात. विज्ञानाच्या तासाला ज्याचे नाव आपण हमखास घेतो, तो आर्किमिडीज याच गावचा. इ. स. पू. २१२ मध्ये रोमन सैन्याने हे शहर जिंकले, तेव्हा एका सैनिकाच्या हातून तो मारला गेला.

तेथील पाओलो ओर्सी प्रादेशिक पुरातत्त्व संग्रहालय आम्ही पाहिले. माझा पहिला प्रश्न हाच होता, की इटलीत ग्रीक वस्तू कुठून आल्या? कोणी लुटून आणल्या की काय? तसे नव्हे. त्या तिथल्याच जमिनीतून निघाल्या आहेत. इ. स. पू. आठव्या शतकात ग्रीसमधील अनेक नगरांतून लोक गलबतांत बसून पश्चिमेकडे निघाले. घरची जमीन खडकाळ आणि अपुरी, आपसांत भांडणे, शिवाय व्यापाराची ओढ, अशी अनेक कारणे होती. इ. स. पू. ७३४ च्या सुमारास त्यांनी सिसिलीत नॅक्सोस वसवले. पुढच्याच वर्षी कोरिंथ नगरातून आलेल्या लोकांनी सिराकूझा वसवले. त्यानंतर कातानिया, लिओंतिनी, मेगारा, गेला अशी नगरे एकामागून एक उभी राहिली. अशा वसाहतीला ग्रीक लोक 'अपोइकिया' म्हणत. शब्दाची फोड केली तर अर्थ होतो, घरापासून दूर. निघताना मूळ नगरातील पवित्र अग्नी बरोबर न्यायचा आणि नव्या गावात त्यानेच चूल पेटवायची, अशी त्यांची प्रथा होती असे सांगतात.

हे वाचताना मला आपलीच मंडळी आठवली. आपलेही पणजोबा-खापरपणजोबा कधीतरी घरचे देव डब्यात घालून माळव्यात आलेच की.

'प्रादेशिक' या शब्दाचे महत्त्व

सिसिली हा इटलीतील स्वायत्त प्रदेश आहे आणि तिथली पुरातत्त्वाची व्यवस्था प्रदेश सरकारकडे आहे. म्हणून संग्रहालयाच्या नावात 'प्रादेशिक' हा शब्द. पण त्यात आणखी एक अर्थ मला दिसला. लंडन-पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयांत साऱ्या जगातून आणलेल्या वस्तू असतात. इथे जे आहे ते मुख्यतः याच बेटातले, विशेषतः याच्या पूर्व भागातले आहे. दालनेही गावांच्या नावांनी लावलेली आहेत. मूर्ती पाहायची, आणि मनात आले तर बसने जाऊन ती जिथे सापडली ती जमीनही पाहायची.

पाओलो ओर्सी यांचा जन्म १८५९ सालचा, इटलीच्या पार उत्तरेकडील रोव्हेरेतो गावचा. १८८८ मध्ये ते सिराकूझाला आले आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी हे बेट पायी तुडवले. १८९५ ते १९३४ पर्यंत ते संग्रहालयाचे प्रमुख होते. कोणती वस्तू कुठल्या थडग्यात, कुठल्या बाजूला आणि कशाशेजारी सापडली, हे सारे ते वहीत टिपून ठेवीत. जवळ आकृतीही काढीत. या नोंदी नसत्या तर कपाटांत नुसते सुंदर मडके दिसले असते, ते कोणाचे हे कळले नसते. संग्रहालयाची आजची इमारत १९८८ साली व्हिला लांदोलिना नावाच्या एका जुन्या बागेत उघडली गेली.

ग्रीकांच्या आधीचे लोक

पहिल्या दालनातच मुले हरखून जातील अशी वस्तू आहे. ती म्हणजे बुटका हत्ती. काही लाख वर्षांपूर्वी सिसिलीत हत्तींची अशी जात होती, की पूर्ण वाढ झालेला हत्ती जेमतेम एक मीटर उंच असे. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाच्या छातीएवढा! बेटावर खाणे कमी आणि मोठी हिंस्र जनावरे नाहीत, अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या गेल्या की मोठे प्राणी लहान होत जातात. सिराकूझाजवळच्या स्पिनागालो गुहेत त्यांची पुष्कळ हाडे सापडली. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी मधोमध मोठे भोक असते. अशा कवट्या पाहूनच ग्रीकांना कपाळावर एकच डोळा असलेल्या राक्षसाची, सायक्लोप्सची कल्पना सुचली असावी, असे मत १९१४ मध्ये ओथेनिओ आबेल या शास्त्रज्ञाने मांडले. ते सिद्ध झालेले नाही. पण कवटीसमोर उभे राहिले की पटू लागते खरे!

पुढे कास्तेलुच्चो येथील दगडी दारे आहेत. डोंगरात खोदलेल्या थडग्यांची ही दारे. त्यांवर वेटोळ्यांची नक्षी कोरलेली आहे. ग्रीक येण्यापूर्वी हजार वर्षांहूनही जुनी. त्यानंतर पांतालिका येथील तांबडी, चकचकीत, उंच बैठकीची मातीची भांडी. पांतालिकात कड्यांमध्ये खोदलेली हजारो थडगी आहेत आणि २००५ पासून ते ठिकाण सिराकूझासह जागतिक वारशाच्या यादीत आहे. या कपाटांचा बोध मोठा आहे. ग्रीक आले तेव्हा बेट रिकामे नव्हते. तिथे सिकेल नावाचे लोक नांदत होते. थ्युसिडिडीज हा ग्रीक इतिहासकार स्वतःच लिहितो, की सिराकूझा वसवताना ग्रीकांनी तिथल्या सिकेलांना हाकलून दिले. संग्रहालयाने ही गोष्ट झाकलेली नाही. आधीच्यांना आधीचे दालन दिले आहे.

डॉक्टर आणि आई

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो मेगारा हिब्लाइआच्या दालनात. नावाचीच गंमत पाहा. हे लोक ग्रीसमधील मेगारा गावाहून आले. बरीच वर्षे त्यांना कुठेच धड ठाव मिळेना. शेवटी हिब्लोन नावाच्या सिकेल राजाने त्यांना जागा दिली. इ. स. पू. ७२८ च्या सुमारास त्यांनी आपले गाव वसवले आणि नाव ठेवले मेगारा हिब्लाइआ. अर्धे नाव माहेरचे आणि अर्धे आसरा देणाऱ्याचे.

या गावच्या स्मशानभूमीत सापडलेल्या दोन मूर्ती इथे आहेत. दोन्ही इ. स. पू. सहाव्या शतकातल्या, दोन्हींना डोके नाही. पहिली एका तरुण पुरुषाची, ताठ उभी, संगमरवरी. तिच्या उजव्या मांडीवर ग्रीक अक्षरे कोरली आहेत. मांद्रोक्लेसचा मुलगा सोंब्रोतिदास, वैद्य, याची ही खूण, असा त्यांचा आशय. नाव, बापाचे नाव आणि व्यवसाय. अडीच हजार वर्षांपूर्वीची डॉक्टरसाहेबांची पाटीच म्हणा ना! दुसरी मूर्ती बसलेल्या बाईची आहे. तिने दोन बाळांना एकदम पाजायला घेतले आहे आणि अंगावरची शाल तिघांभोवती लपेटली आहे. १९५२ साली ती सापडली तेव्हा तिचे तुकडे तुकडे झालेले होते. जाणकारांनी ते जुळवले. जुळ्यांची आई ती हीच, असे वाटून मी किती वेळ पाहत राहिले. ती देवी आहे की माणसातली आई, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

आता दगडाकडे पाहा. सिसिलीत चांगला पांढरा संगमरवर मिळत नाही. म्हणजे डॉक्टरांच्या स्मारकाचा दगड ग्रीसकडून समुद्रमार्गे आणलेला. आईची मूर्ती मात्र तिथल्याच चुनखडीच्या दगडाची. एक माहेरच्या दगडात, दुसरी इथल्या मातीतली. दोन्ही एकाच गावच्या, सुमारे एकाच काळातल्या. काही बरोबर आणायचे आणि काही इथलेच आपलेसे करायचे, हे त्या गावाने कसे जमवले, ते या दोन दगडांत दिसते. सिराकूझाच्या जुन्या थडग्यांतही तेच. काही अत्तराच्या कुप्या कोरिंथहून आलेल्या, आणि जवळच तशीच नक्षी पाहून इथल्या मातीत केलेली भांडी. त्याच दफनभूमीतला काशाचा चिमुकला घोडा तर खिशात घालून घरी आणावा इतका गोड आहे!

माहेरची नदी समुद्राखालून

पुढच्या दालनात मातीची एक रंगवलेली पाटी आहे. तिच्यावर मेडुसा राक्षसी धावत आहे. मोठे डोळे, बाहेर आलेली जीभ आणि काखेत पंखांचा घोडा. ही पाटी अथीना देवीच्या मंदिर परिसरातली. भयंकर तोंड दाखवून वाईटाला पळवायचे, ही समजूत आपल्याला नवी नाही. आपल्या देवळांच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असतेच. अथीनाचे पुढे बांधलेले मोठे मंदिर इ. स. पू. ४८० नंतरच्या काळातले. ते संग्रहालयापासून सुमारे दोन किलोमीटरवर अजून उभे आहे, पण आज ते ख्रिस्ती कॅथेड्रल आहे. जुने ग्रीक खांब तसेच ठेवून मधल्या जागेत भिंती बांधल्या आहेत.

नाण्यांच्या दालनात सिराकूझाची चांदीची नाणी पाहिली. दहा द्राख्माचे नाणे वजनाला सुमारे ४३ ग्रॅम भरते. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला स्त्रीचे मुख आणि भोवती चार डॉल्फिन मासे. किमोन आणि एव्हाइनेतोस या कारागिरांनी आपली नावे बारीक अक्षरांत त्यावर कोरली आहेत. किमोनच्या नाण्यावरची ती स्त्री म्हणजे अरेथुसा. तिची कथा अशी: ही ग्रीसमधली अप्सरा. अल्फेओस नावाचा नद तिच्यामागे लागला, तेव्हा ती पाणी होऊन समुद्राखालून धावली आणि सिराकूझात झरा होऊन वर आली. तो झरा आजही समुद्राकाठी आहे आणि त्यात पपायरसचे उंच गवत वाढते. आपणही दूरच्या झऱ्याला गुप्तगंगा म्हणतो. घर सोडून आलेल्या माणसाला आपली नदी जमिनीखालून का होईना, बरोबर आलेली हवी असते.

बोली टोचून बोलणारे तेव्हाही होते

सिराकूझाचाच थिओक्रिटस नावाचा कवी इ. स. पू. तिसऱ्या शतकात होऊन गेला. त्याच्या एका काव्यात सिराकूझाच्या दोन बायका इजिप्तमधील अलेक्झांड्रियात उत्सव पाहायला जातात. त्यांची बोली ऐकून एक गृहस्थ त्यांना टोकतो. त्यावर एक बाई त्याला खडसावते, की आम्ही मूळच्या कोरिंथच्या, आमची बोली आम्ही बोलणारच! कोरिंथ सोडून तेव्हा साडेचारशे वर्षे झाली होती. पुण्याला लग्नाकार्यात गेलो की "तुमच्या मराठीत हिंदी फार येते हो" हे ऐकावे लागते. पुढच्या वेळी मी या बाईंची आठवण ठेवणार आहे.

आणखी एक कथा प्लूटार्क सांगतो. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिराकूझावर मोठी स्वारी केली आणि ४१३ मध्ये तिचा सपशेल पराभव झाला. हजारो कैदी दगडाच्या खाणींत डांबले गेले. पुष्कळ तिथेच मेले. पण ज्यांना युरिपिडीज या नाटककाराची पदे पाठ होती, त्यांतल्या काहींची त्या पदांवर सुटका झाली. सिसिलीच्या ग्रीकांना त्याच्या काव्याची इतकी आवड होती! मुंबई-पुण्याचे नाटक इंदुरात आले की आपण तिकिटासाठी धावतो, त्याचीच ही जुनी आवृत्ती. सिराकूझाच्या प्राचीन नाट्यगृहात १९१४ पासून ग्रीक नाटके पुन्हा होऊ लागली आहेत. मात्र ती इटालियन भाषांतरात होतात.

इथेच मन थोडे खिन्न झाले. शतकानुशतके ज्या गावात ग्रीक बोलली गेली, तिथे आज ती कोणाच्याही घरची भाषा नाही. सोंब्रोतिदास डॉक्टरांच्या मांडीवरची अक्षरे तिथला मुलगा शाळेत ग्रीक शिकला असेल तरच वाचू शकेल. भाषा एका दिवसात गेली नाही. कोणी बंदीही घातली नसेल. घराघरातून हळूहळू ती बोलायची राहिली.

मग उत्तर काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. बाळ, तुटलेले ठेवतात कारण तेवढेच उरले आहे, आणि जे उरले आहे ते विचारले तर बोलते. विचारायला तीन साधे प्रश्न पुरतात. ही वस्तू कुठे सापडली? ती कशाची आहे, आणि तो दगड वा माती इथली की दूरची? ती कोणी, कोणासाठी केली? उत्तरे बहुधा शेजारच्या पाटीवरच असतात. आपण मूर्ती पाहतो आणि पाटी सोडून देतो.

पाहण्यापूर्वी पुसावेही लागते. आपल्याच प्रदेशातले उदाहरण देते. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी स्तंभ आहे. तिथले लोक त्याला खामबाबा म्हणून पूजत आणि शेंदूर लावीत. १८७७ मध्ये कनिंगहॅमसारख्या जाणकाराने तो पाहिला, पण शेंदराच्या थरामुळे त्याला लेख दिसला नाही. १९०९ मध्ये थर निघाला आणि खाली ब्राह्मी अक्षरे निघाली. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा दूत हेलिओदोरस इथे आला होता आणि स्वतःला भागवत म्हणवून त्याने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे त्यात लिहिले आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीची ही गोष्ट. एक ग्रीक माणूस माळव्याच्या वेशीशी येतो आणि इथल्या भाषेत, इथल्या देवाला स्तंभ वाहतो. हे सारे पुस्तकी नाही, सहलीच्या टप्प्यातले आहे.

म्हणून पालकांना आणि विश्वस्तांना माझी विनंती आहे, की संग्रहालयाची भेट बंद करू नये, तिची पद्धत बदलावी. यंदा आठवीची मुले केंद्रीय संग्रहालयात जातील तेव्हा सगळे पाहणार नाहीत. प्रत्येकाने एकच मूर्ती निवडायची, तिच्यासमोर अर्धा तास बसायचे, चित्र काढायचे आणि तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहायची. डबे त्यानंतर.

दुसरे काम घरचे आहे. आपल्या पुष्कळ घरांत जुन्या पेटीत मोडी कागद आहेत, पितळी डबे आहेत, आजीची पोथी आहे. मुलांनी आजी-आजोबांना विचारून प्रत्येक वस्तूची पाटी लिहावी. कुठून आली, कोणी आणली, कशासाठी वापरली. जानेवारीत शाळेच्या सभागृहात त्यांचे छोटे प्रदर्शन मांडू. कागद वाचता आला नाही तर पाटीवर तसेच लिहा: "हे आमच्या घरचे आहे, पण आम्हाला वाचता येत नाही." ती पाटी सर्वांत पुढे लावू. ओर्सींनी हयातभर दुसऱ्यांच्या घरच्या नोंदी लिहिल्या. आपण निदान आपल्या घराच्या लिहू.

आणि हो, ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती आता नववीत आहे. प्रदर्शनाच्या पाट्या तपासण्याचे काम मी तिच्याकडे दिले आहे.

आपली,
मुख्याध्यापिका